अरबी किनाऱ्यावरचे तेल आणि मुंबईचा रुपया

(संस्थेच्या रबाळे येथील वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी काही भाग विस्ताराने लिहिला आहे.)



रबाळे, घणसोली, ऐरोलीपासून थेट रायगड-रत्नागिरीपर्यंत, ज्या घरातील कोणी ना कोणी आखातात नोकरीस गेलेला आहे अशी घरे मुद्दाम शोधावी लागत नाहीत. दुबई, दोहा, कुवेत, बहारीन ही नावे आपल्या मुलांच्या कानावर भूगोलाच्या पुस्तकाआधी घरातच पडतात. त्यामुळे आपली एक समजूत होऊन बसली आहे. अरबांच्या वाळूखाली तेल होते, ते निघाले आणि अरब श्रीमंत झाले, बस्स, एवढीच ती गोष्ट! परंतु गोष्ट एवढी सोपी नाही. तेल निघण्याच्या पुष्कळ वर्षे आधी ते कोणी काढावे, कोणी काढू नये आणि निघालेच तर जमिनीच्या मालकाला टनामागे काय मिळावे, हे कागदावर ठरून गेले होते. या कागदांची जी परंपरा होती तिचा आरंभ आपल्या मुंबईच्या कारभारातून झाला. आणि त्यांतील पुष्कळशा रकमा रुपये-आण्यांत लिहिलेल्या होत्या. म्हणूनच हा इतिहास आपणापुढे मांडावा असे मला वाटले.

आरंभ मुंबईपासूनच करू. ईस्ट इंडिया कंपनीने १७६३ साली इराणच्या किनाऱ्यावर बुशहर येथे वखार घातली. तेथे जो इंग्रज रेसिडेंट राही, तो मुंबई सरकारच्या हुकुमाखाली असे. १८७३ पर्यंत ही व्यवस्था चालली. पुढे तो हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली गेला आणि १९४७ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे मस्कतपासून कुवेतपर्यंतच्या अरबी किनाऱ्याचे इंग्रजांशी असलेले राजकारण लंडनहून कमी आणि हिंदुस्थानातून अधिक चालत होते. एडनचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. १८३९ साली ते बंदर इंग्रजांनी घेतले आणि १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्याचाच भाग म्हणून गणले जात होते.

इंग्रजांना त्या काळी तेल ठाऊक नव्हते. त्यांना हवा होता हिंदुस्थानचा सुरक्षित जलमार्ग. १८१९ साली मुंबईहून आरमार व फौज निघाली. रास-अल-खैमा येथील कासिमी अरबांचे गलबतांचे बळ तिने मोडले आणि १८२० च्या जानेवारीत किनाऱ्यावरच्या शेखांकडून तहावर सह्या घेतल्या. १८५३ साली समुद्रावर कायमची शांतता राखण्याचा तह झाला. त्यावरूनच आज ज्यास संयुक्त अरब अमिराती म्हणतात, त्या प्रदेशाला इंग्रज ‘तहाचा किनारा’ म्हणू लागले.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वर्ष १८९२ चे. त्या वर्षीच्या करारात शेखांनी तीन गोष्टी कबूल केल्या. एक, इंग्रज सरकारखेरीज कोणत्याही परक्या सत्तेशी करार किंवा पत्रव्यवहार करणार नाही. दोन, इंग्रजांच्या संमतीवाचून दुसऱ्या सरकारचा वकील आपल्या मुलखात राहू देणार नाही. तीन, आपल्या मुलखाचा कोणताही तुकडा इंग्रजांखेरीज दुसऱ्या कोणाला देणार नाही, विकणार नाही, गहाण ठेवणार नाही. बहारीनशी असेच करार १८८० व १८९२ साली झाले. कुवेतच्या शेख मुबारक यांनी १८९९ च्या जानेवारीत अशाच गुप्त करारावर सही केली आणि त्यांना पंधरा हजार रुपये देण्यात आले.

शेखांनी हे का मान्य केले? त्यांना भय होते. एका बाजूला तुर्कस्तान, दुसऱ्या बाजूला इराण आणि पाठीशी वाळवंटातील बलाढ्य टोळ्या. इंग्रजांचे आरमार पाठीशी असेल तर गादी टिकेल, असा हिशोब त्यांनी केला आणि त्या काळापुरता तो चुकीचा नव्हता. शिवाय आपण काही विकत आहोत असे त्यांना वाटलेच नसावे. ‘दुसऱ्याला देणार नाही’ एवढेच तर लिहून द्यावयाचे होते! परंतु वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याच्याजवळ विकण्याजोगी वस्तू आहे आणि गिऱ्हाईक मात्र एकच ठरवून ठेवले आहे, त्याच्या वस्तूची किंमत कोण ठरवणार? हा प्रश्न मनात ठेवून पुढे चला.

त्या दिवसांत या किनाऱ्याची संपत्ती म्हणजे मोती. उन्हाळ्यात शेकडो गलबते समुद्रात जात. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी उतरत. काढलेल्या मोत्यांचा मोठा बाजार होता मुंबईत. त्यांची प्रतवारी येथे होई, त्यांना भोके येथे पाडली जात आणि येथूनच ते पॅरिस-लंडनला जात. परतीच्या गलबतांतून आपल्याकडचा तांदूळ, कापड, मसाले आणि गलबते बांधण्याचे मलबारी सागवान तिकडे जाई. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबई व आखात यांच्या दरम्यान टपाल नेऊ लागल्या. अशा बोटींवर आपल्या कोकणातील कितीतरी खलाशांनी आयुष्य काढले. साहजिकच किनाऱ्यावर चलन कोणते चाले? हिंदुस्थानचा रुपया!

या मोत्यांच्या पैशाने एक फार चांगले काम केले, ते शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत सांगितलेच पाहिजे. जेद्दाहचे मोत्यांचे व्यापारी महंमद अली झैनल यांनी १९०५ साली आपल्या गावी ‘अल-फलाह’ ही शाळा काढली. त्यांचा व्यवसाय व आयुष्याचा मोठा भाग मुंबईत गेला. कुवेतमध्ये १९११ साली ‘मुबारकिया’ शाळा उघडली, तेव्हा मुंबईत पेढी असलेल्या कुवेती इब्राहिम घराण्याने तिला मोठी देणगी दिली. तेलाचा एक थेंबही निघालेला नव्हता, त्या वेळची ही गोष्ट आहे. शाळा काढण्यासाठी आधी श्रीमंत व्हावे लागते असे म्हणणाऱ्यांनी ती अवश्य ध्यानात ठेवावी.

आता तेलाकडे वळू. विल्यम डार्सी नावाच्या इंग्रज धनिकाने १९०१ साली इराणच्या शहाकडून तेलाचा मक्ता मिळवला. सात वर्षे पैसा ओतल्यावर १९०८ च्या मे महिन्यात मस्जिद-इ-सुलेमान येथे तेल लागले. त्या विहिरीवर पहारा कोणाचा होता? हिंदुस्थानी घोडेस्वारांचा, आणि त्यांचा अधिकारी होता लेफ्टनंट अर्नोल्ड विल्सन. दुसऱ्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. इंग्लंडचे आरमार कोळशावरून तेलावर येऊ लागले तेव्हा १९१४ साली इंग्रज सरकारने स्वतःच या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. व्यापारी आणि राज्यकर्ता एक झाले. आखाताच्या पुढील पन्नास वर्षांच्या इतिहासाची किल्ली या एका व्यवहारात आहे.

अरबी किनाऱ्याखाली काय आहे याची चाचपणीही सुरू झाली होती. हिंदुस्थानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील गाय पिलग्रिम या शास्त्रज्ञाने १९०४-०५ च्या सुमारास आखात व बहारीन पाहिले आणि १९०८ साली त्याचा अहवाल छापून आला. ही जमीन शेखांची, अहवाल मात्र कलकत्त्याच्या सरकारी खात्याचा! जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीविषयी जेवढे ठाऊक नव्हते, तेवढे करार करणाऱ्या पक्षाला ठाऊक होऊ लागले.

त्यानंतर पत्रे येऊ लागली. १९१३ च्या ऑक्टोबरात कुवेतच्या शेख मुबारक यांनी रेसिडेंट सर पर्सी कॉक्स यांस लिहून दिले की, इंग्रज सरकारने नेमलेल्या माणसाखेरीज कोणालाही तेलाचा मक्ता देणार नाही. १९१४ साली बहारीनच्या शेख ईसा यांनी तसेच वचन दिले. १९२२ च्या फेब्रुवारी ते मे या काळात तहाच्या किनाऱ्यावरील शारजा, रास-अल-खैमा, दुबई, अबुधाबी, अजमान आणि उम्म-अल-कैवैन येथील शेखांनी एकामागून एक अशीच पत्रे दिली. त्या वेळी यांपैकी एकाही ठिकाणी तेलाची विहीर नव्हती. आणि गंमत पाहा, तेल शोधण्याची इंग्रजांना घाई नव्हतीच! अँग्लो-पर्शियन कंपनीच्या तज्ज्ञांना अरबी बाजूस तेल असेल असा फारसा विश्वासही नव्हता. या पत्रांचा हेतू तेल काढण्याचा कमी आणि दुसऱ्याने ते काढू नये हा अधिक होता. खणणे दूरच राहिले, आधी कुंपण घातले गेले.

या कुंपणातून वाट काढणारा माणूस निघाला फ्रँक होम्स. न्यूझीलंडचा हा खाणतज्ज्ञ एका लहानशा लंडनी कंपनीसाठी काम करी. बहारीनमध्ये त्याने आधी गोड्या पाण्याच्या विहिरी खणून दिल्या. तहानलेल्या बेटावर पाणी आणणाऱ्याला शेख नाही कसे म्हणतील? २ डिसेंबर १९२५ रोजी त्याला तेलाचा मक्ता मिळाला. त्यात टनामागे साडेतीन रुपये रॉयल्टी, म्हणजे मालकाचा हिस्सा, ठरला होता. होम्सच्या मालकांजवळ मात्र विहीर खणण्यापुरताही पैसा नव्हता. इंग्रज कंपन्या पुढे येईनात, म्हणून हा मक्ता अमेरिकन गल्फ ऑइल कंपनीकडे गेला. परंतु १९२८ साली बड्या तेलकंपन्यांनी आपसांत ‘लाल रेषेचा करार’ केला होता. जुन्या तुर्की साम्राज्याभोवती नकाशावर एक लाल रेषा ओढून, तिच्या आत कोणी एकट्याने तेल काढू नये असे त्यांनी ठरवले. गल्फ कंपनी या करारात बांधलेली असल्याने तिने बहारीनचा मक्ता स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया कंपनीस विकला.

मग इंग्रज सरकारने अडवले. मक्तेदार ब्रिटिश प्रजाजनच असला पाहिजे असा त्याचा हट्ट. यावर तोडगा निघाला तो मोठा मासलेवाईक होता. अमेरिकन पैशाची ही कंपनी १९२९ साली कॅनडात नोंदवली गेली, म्हणजे कागदोपत्री ती ब्रिटिश साम्राज्यातील झाली! १९३१ च्या ऑक्टोबरात जबल दुखान या टेकडीपाशी खोदाई सुरू झाली आणि १९३२ च्या जूनच्या आरंभी तेल लागले. अरबी बाजूचे आखातातील हे पहिले तेल. पुढच्याच वर्षी याच अमेरिकन कंपनीने सौदी अरबस्तानचा मक्ता मिळवला. इब्न सौद यांनी इंग्रजांना तेलाविषयी असे वचन दिलेले नव्हते. त्यामुळे गिऱ्हाईक निवडण्यास ते मोकळे होते आणि त्यांनी पैसे मोजून घेतले ते सोन्यात.

बहारीनच्या तेलाने सर्वांची झोप उडाली. कुवेतचे शेख अहमद अल-जाबिर हे धोरणी गृहस्थ होते. अँग्लो-पर्शियन आणि गल्फ या दोन कंपन्या दाराशी आल्या तेव्हा त्यांनी दोघींना बरीच वर्षे झुलवत ठेवले आणि बोली चढवली. हे पाहून दोन्ही कंपन्यांनी एकी केली आणि निम्म्या-निम्म्या भागीदारीत एकच कुवेत ऑइल कंपनी काढली. २३ डिसेंबर १९३४ रोजी करार झाला. सहीच्या वेळी चार लाख पंचाहत्तर हजार रुपये, तेल लागेपर्यंत दरसाल किमान पंचाण्णव हजार आणि तेल निघाल्यावर टनामागे तीन रुपये. मुदत पंचाहत्तर वर्षे आणि क्षेत्र म्हणजे सगळे कुवेत.

विद्यार्थी मित्रहो, हे गणित करून पाहा. एका टनात सुमारे साडेसात पिंपे तेल असते. तीन रुपयांचे आणे होतात अठ्ठेचाळीस. म्हणजे एकशे एकोणसाठ लिटरच्या एका पिंपामागे मालकाला मिळाले सहा-साडेसहा आणे! आणि हा दर तेलाची बाजारातील किंमत काय आहे यावर अवलंबून नव्हता. तेल महागले तरी आणे तेवढेच.

याहूनही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. शेख व कंपनी यांच्यातील करारापूर्वीच, त्याच वर्षी, कंपनी आणि इंग्रज सरकार यांच्यात एक स्वतंत्र राजकीय करार झाला होता. कंपनीने मक्ता दुसऱ्याला देऊ नये, तिचा स्थानिक प्रतिनिधी सरकारला पसंत असावा, त्याने पोलिटिकल एजंटाच्या सल्ल्याने वागावे आणि दोन करारांत विरोध आला तर सरकारशी केलेला करार वरचढ ठरावा, असा त्याचा आशय. जमीन ज्याची, त्याची सही त्या कागदावर नव्हती.

कतारचा करार १७ मे १९३५ चा. शेख अब्दुल्ला बिन जासिम यांनी पैशाइतकाच संरक्षणाचा आग्रह धरला. इंग्रजांनी संरक्षणाचे वचन दिले, पण मक्ता आपल्याच कंपनीला मिळावा या अटीवर. सहीची रक्कम ठरली चार लाख रुपये आणि टनामागे पुन्हा तेच तीन रुपये. दुबईचा करार २२ मे १९३७ रोजी झाला; सहीचे साठ हजार, दरसाल तीस हजार आणि तेल सापडल्यास दोन लाख रुपये. अबुधाबीचे शेख शखबूत यांनी बराच काळ दाद दिली नाही. अखेर ११ जानेवारी १९३९ रोजी त्यांनीही पंचाहत्तर वर्षांच्या करारावर सही केली.

हे शेख एवढे अगतिक का झाले होते? कारण मोत्यांचा धंदा बुडाला होता. जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती वाढवण्याची विद्या यशस्वी केली आणि १९२९ ची जागतिक मंदी वर येऊन कोसळली. मुंबईचा बाजार थंडावला. गलबते किनाऱ्याला लागून राहिली, पाणबुडे आणि नाखवे कर्जात गेले. घरात धान्य नाही आणि दाराशी सहीला पैसे देणारा उभा, अशा वेळी माणूस किती दिवस घासाघीस करणार? गरज आणि कागद एकाच दिवशी दाराशी आले, तर कागदाचेच फावते.

आता कोणी म्हणेल की, शेख अडाणी होते म्हणून फसले. हे म्हणणे अन्यायाचे होईल. समुद्र, वारा, माणूस आणि व्यापार यांची पारख त्यांना उत्तम होती. भाव चढवण्यात शेख अहमद कोणाला हार गेले नाहीत. उणीव होती ती निराळ्या गोष्टीची. आपल्या जमिनीचा दगड पाहून बोलणारा आपला भूगर्भतज्ज्ञ त्यांच्यापाशी नव्हता. पंचाहत्तर वर्षांच्या मुदतीचा अर्थ सांगणारा आपला कायदेपंडित नव्हता. कंपनीच्या वह्या तपासणारा आपला हिशोबनीस नव्हता. जे काही सांगावयाचे ते कंपनीचा माणूस सांगणार, आणि त्याची शहानिशा करावयाची तर इंग्रज एजंटाकडे जाणार! दोघेही एकाच घरचे.

पुढे ही उणीव भरून निघू लागली, तसा इतिहासही वळला. शेख शखबूत यांनी किनाऱ्यापलीकडच्या समुद्रतळाचा मक्ता दुसऱ्या कंपनीस दिला, तेव्हा जुन्या कंपनीने तो आपलाच असल्याचा दावा केला. १९५१ साली लॉर्ड ॲस्क्विथ यांच्या लवादाने निकाल दिला की, १९३९ च्या करारात प्रादेशिक पाण्यापलीकडचा समुद्रतळ येत नाही. कागदातील शब्द बारकाईने वाचले गेले आणि या वेळी त्याचा लाभ शेखांना झाला. १९५८ साली त्याच समुद्रात उम्म शैफ येथे तेल लागले आणि १९६२ पासून ते परदेशी जाऊ लागले.

दुसरे उदाहरण एका विद्यार्थ्याचे. नज्दमधील झुल्फी गावचा अब्दुल्ला तारिकी हा मुलगा कुवेतच्या शाळेत शिकला, कैरोला गेला आणि तेथून अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात भूगर्भशास्त्र व तेलविद्या शिकून परत आला. कंपनीच्या आकड्यांना आकड्यांनी उत्तर देणारा माणूस आता टेबलाच्या अरबी बाजूस बसला. तो सौदी अरबस्तानचा पहिला तेलमंत्री झाला आणि १९६० साली बगदाद येथे ‘ओपेक’ ही तेल-उत्पादक देशांची संघटना स्थापणाऱ्यांत अग्रभागी राहिला. पंधरा वर्षांनी, १९७५ साली, कुवेतने आपली तेलकंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली. पंचाहत्तर वर्षांचा करार एकेचाळीस वर्षांत संपला.

रुपयाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरही तो आखातात चालतच होता. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी निराळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली आपला दिनार सुरू केला, बहारीनने १९६५ साली. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा कतार, दुबई, अबुधाबी यांनी त्यास निरोप दिला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. एकेकाळी आपला रुपया तिकडे जात होता. नंतर तिकडचे दिनार-दिरहम मनिऑर्डरी आणि ड्राफ्टच्या रूपाने आपल्या घरी येऊ लागले. त्याच किनाऱ्यावर, उलट्या वाऱ्याने!

आणि शेवटी एक गोष्ट मुंबईची. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचा दप्तरखाना अनेक दशके राहिला. मुंबई सरकारचा आखाताशी झालेला पत्रव्यवहार त्या दप्तरांत बांधून ठेवलेला. १८१९ च्या मोहिमेत ज्यांची गलबते जळाली त्या कासिमी घराण्यातील सुलतान बिन महंमद अल-कासिमी हे १९७२ साली शारजाचे शासक झाले. त्यांनी राज्य करता करता इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास केला, मुंबईच्या या जुन्या दप्तरांचा आधार घेतला आणि आपल्या पूर्वजांना ‘चाचे’ ठरवणारा इंग्रजांचा दावा खोडून काढणारा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध केला. तो ग्रंथ सर्वच इतिहासकारांना पटला असे नाही. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की, ज्या कागदांनी घराण्याची अपकीर्ती केली, तेच कागद वाचून वंशजाने त्यांना उत्तर दिले. तलवारीला जे जमले नाही ते अभ्यासाला जमले.

वाचकहो, यातून आपण काय घ्यावे?

आपल्या समुद्राकडेच पाहा. ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस सुमारे एकशे साठ किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ येथे तेल शोधले. १९५६ साली स्थापन झालेल्या आपल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने परक्या तज्ज्ञांची मदत अवश्य घेतली. परंतु आपले तरुण त्यांच्या शेजारी बसून ती विद्या शिकले, म्हणून उरणला येणारे तेल पहिल्या दिवसापासून देशाच्या मालकीचे राहिले. तेल दोन्हीकडे होते. अंतर पडले ते विद्येने.

आणि आपल्या पायाखालची जमीन? या ठाणे-बेलापूर पट्ट्यात आधी औद्योगिक वसाहतीसाठी आणि १९७० नंतर सिडकोच्या नव्या शहरासाठी भूसंपादन झाले. भातखाचरे आणि मिठागरे गेली. उरण भागातील आंदोलनात १९८४ च्या जानेवारीत पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. त्या धोरणाचा लाभ कोणाला वेळेवर मिळाला आणि कोण कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिला, हे आपल्यातील वडीलधारी मंडळी माझ्याहून अधिक जाणतात. ज्याच्या पेटीत सातबारा, नोटीस आणि नकाशा नीट लावून ठेवलेला होता, त्याचे काम सुकर झाले.

तीच गोष्ट आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांची. १९८३ च्या कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी सक्तीची केली. तो नोंदलेला आहे की नाही, हे आपण पाहतो काय? हातात इंग्रजी करार असतो आणि तिकडे गेल्यावर अरबी कागदावर सही घेतली जाते. तेथील न्यायालयात बहुधा अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. मग पगाराचा आकडा, कामाचे तास, परतीचे तिकीट हे त्या अरबी कागदात काय लिहिले आहे ते कोण सांगणार? शेख अहमद यांना जो प्रश्न पडला, तोच आपल्या घरच्या तरुणालाही पडतो. त्यांच्या सहीखाली सगळे कुवेत होते, याच्या सहीखाली त्याची दोन-तीन वर्षे असतात. ज्याची ती वर्षे, त्याला ती लहान नसतात.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलगा दहावी झाला की, लगेच पासपोर्टच्या मागे लागू नका. त्याला आणखी चार वर्षे द्या आणि मुलीलाही तेवढीच द्या. घरातला कागद पुष्कळदा तीच जपून ठेवते आणि तीच वाचून दाखवते. एकाने भूगर्भशास्त्र शिकावे, एकाने कायदा, एकाने हिशोब. कोणी अरबी भाषा अशी शिकावी की तिच्यातून करारही वाचता येईल. मराठी तर आपली आहेच. तलाठ्याच्या कचेरीत तीच लागते. आणि घरोघरी एक नियम करावा : कोणताही कागद पुढे आला, तर तो घरी आणावा, घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने तो मोठ्याने वाचावा, न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारावी आणि त्याचा अर्थ कळेपर्यंत सही करू नये. सही झाल्यावर एक प्रत आपल्यापाशी ठेवावी.

कुवेतची पहिली शाळा १९११ साली उघडली आणि तेलाचे पत्र १९१३ साली गेले. शाळेला दोन वर्षांचाच अवधी मिळाला. तिथली मुले वाचायला शिकून मोठी होईपर्यंत सह्या होऊन गेल्या होत्या. आपल्या मुलांच्या बाबतीत शाळेला पुरता अवधी मिळावा, एवढीच इच्छा.